७३ आणि ६६

मावशीच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या घडीखाली, एक प्लास्टिकची फाइल आहे. तिच्यात रेशनकार्डाची झेरॉक्स, जुनी लाइट बिलं आणि छोटूचे दोन कागद. छोटू म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. पहिला कागद २०१९ सालचा, त्यावर लिहिलंय: बुद्ध्यांक ७३. दुसरा २०२१च्या शेवटचा, त्यावर: बुद्ध्यांक ६६. दोन्हींवर सही, शिक्का, तारीख. मधल्या काळात छोटूला कसला ताप नाही, कुठे पडला नाही, डोक्याला मार नाही. उलट त्याच दोन वर्षांत तो सायकल चालवायला शिकला.

तुम्ही म्हणाल, सात आकड्यांचा फरक, त्यात काय एवढं. फरक असा की मध्ये ७० येतो.

अपंगत्वाची टक्केवारी कशी काढायची याच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना २०१८च्या जानेवारीत निघाल्या. बौद्धिक अक्षमतेसाठी त्यात बुद्धिमत्ता चाचणीसोबत 'व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल' नावाची आणखी एक चाचणी धरली होती, आणि टक्केवारी या दुसऱ्या चाचणीच्या गुणांवर ठरत होती. गुण ५५ ते ६९ आले तर ५० टक्के अपंगत्व. ७० ते ८४ आले तर २५ टक्के. आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं बहुतेक सवलतींसाठी उंबरठा ठेवलाय ४० टक्क्यांचा. म्हणजे ६९ला सगळं, ७०ला जवळपास काहीच नाही. छोटूला या चाचणीत पहिल्या खेपेला ७२ मिळाले होते, दुसऱ्या खेपेला ६३.

पहिल्या कागदावर मावशीला २५ टक्के मिळाले. मावशी तो कागद घेऊन बार्शीच्या स्टँडवर उतरली तेव्हा तिला वाटत होतं, पोराला पंचवीस मार्क कमी पडले.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमच्याकडे 'फ्लेकी टेस्ट' नावाचा एक प्रकार असतो. कोड तोच, मशीन तेच, काहीही बदललेलं नाही. तरी टेस्ट सकाळी पास होते, दुपारी फेल. अशी टेस्ट सापडली की टीममधले लोक आधी तिला शिव्या घालतात, मग पुन्हा पुन्हा चालवून बघतात आणि पास झाली की पुढे जातात. मीही तेच करतो. छोटूचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले तेव्हा पहिल्यांदा मला त्या सवयीची लाज वाटली. मग मी शोधायला लागलो की हा ७३ आला कुठून.

तो आला धारवाडहून.

पहिल्या कागदावर चाचणीचं नाव आहे 'बिने-कामत'. त्यातला बिने म्हणजे आल्फ्रेड बिने. पॅरिसमध्ये सक्तीच्या शिक्षणामुळे शाळेत सगळ्या तऱ्हेची मुलं येऊ लागली होती, आणि कोणाला जास्त मदत लागेल हे शिक्षकाच्या मर्जीवर सोडायचं नव्हतं. म्हणून १९०५ साली बिने आणि त्याचा सहकारी थिओडोर सिमॉन यांनी सोप्याकडून अवघडाकडे जाणारे तीस प्रश्न रचले. १९०८च्या सुधारणेत प्रश्नांचे वयाप्रमाणे गट पाडले: हे बहुतेक सहा वर्षांच्या मुलांना येतं, हे सात वर्षांच्या. बिनेला यातून कुठलाही कायमचा आकडा काढायचा नव्हता. बुद्धी ही ठरलेली, न वाढणारी चीज आहे असं मानणाऱ्यांवर तो चांगलाच चिडायचा. १९११ साली तो वारला, आणि १९१२ साली विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञानं मानसिक वयाला प्रत्यक्ष वयानं भागायची कल्पना काढली. अमेरिकेत लुईस टर्मननं १९१६ साली त्याला शंभरनं गुणलं. झाला बुद्ध्यांक. बिने असता तर काय म्हणाला असता कोण जाणे.

कामत म्हणजे डॉ. व्ही. व्ही. कामत. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथे कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी कामतांनी टर्मनची चाचणी नव्यानं बसवली. 'ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी'मध्ये त्यावरचा त्यांचा लेख १९३४ साली आला, आणि १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन' हे पुस्तक काढलं. त्याआधी लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात सी. एच. राइस यांनी हिंदुस्तानी बिने चाचणी केली होती. पण मराठी बोलणाऱ्या पोराच्या वाट्याला आली ती कामतांची.

हे काम नुसत्या भाषांतराचं नव्हतं हे मला उशिरा कळलं. इंग्रजीतला एखादा प्रश्न मराठीत आणला की तो सोपा होतो किंवा अवघड होतो. शब्द बदलला की वयही बदलतं. कॅलिफोर्नियातल्या आठ वर्षांच्या मुलाला जे येतं ते धारवाडच्या मुलाला सातव्या वर्षी येत असेल, नाहीतर दहाव्या. ते ठरवायचं तर मुलं समोर बसवून, एकेकाला तोंडी विचारून, उत्तरं लिहून घ्यायची, आणि कुठला प्रश्न कुठल्या वयाच्या बहुसंख्य मुलांना येतो ते हातानं मोजायचं. एकेका मुलाला तासभर तरी लागणार. कॅलक्युलेटर नाही, एक्सेल नाही. दोन भाषा एकदम. आजही सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोटकडे गेलात तर घरात कानडी, शाळेत मराठी अशी मुलं सापडतात. त्यांच्यासाठी दोन्ही भाषांत मिळणारी चाचणी ९० वर्षांपूर्वी एका माणसानं करून ठेवली, याचं मला खरोखर कौतुक वाटतं. पुढची तक्रार त्यांच्यावर नाही. पुढची तक्रार त्यांच्यानंतरच्या ९० वर्षांवर आहे.

आता हिशोब बघा. चाचणीत लहान वयांच्या प्रत्येक वर्षासाठी सहा प्रश्न असतात आणि प्रत्येक प्रश्नाला दोन महिने मिळतात. सहा दुणे बारा, म्हणजे एक वर्ष. छोटू पहिल्या खेपेला ११ वर्षांचा होता, म्हणजे १३२ महिन्यांचा. त्याचं मानसिक वय आलं आठ वर्षं, ९६ महिने. ९६ भागिले १३२, गुणिले शंभर: ७२.७. पूर्णांकात ७३. आता समजा त्याचे तीन प्रश्न चुकले असते. सहा महिने गेले. ९० भागिले १३२, उत्तर ६८. तीन प्रश्न. एसटीत उलटी झाली म्हणून, बाहेर बाकावर तीन तास बसून भूक लागली म्हणून, समोरच्या बाईंची भाषा शाळेतल्या कडक मॅडमसारखी वाटली म्हणून, तीन प्रश्न सहज इकडचे तिकडे होतात. किंवा उलट: एखादं उत्तर अंदाजानं लागून जातं.

माझ्या वडिलांचं बार्शीत आडत दुकान. लहानपणी सुट्टीत मी काट्याजवळ बसायचो. ज्वारीचं पोतं काट्यावर चढवलं की शेतकरी म्हणायचा, "पुन्ना एकदा घ्या." वडील पोतं उतरवायचे, परत चढवायचे. दोन्ही वेळा आकडा तोच आला की शेतकरी गप्प. यालाच शास्त्रात विश्वसनीयता म्हणतात, एवढं सोपं आहे ते: तीच वस्तू पुन्हा मोजली तर तोच आकडा येतो का? (काटा दर वेळी दोन किलो कमीच दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे, पण खोटा आहे. तो वेगळा प्रश्न. त्याला वैधता म्हणतात, आणि तो जास्त अवघड.) माणसाच्या मनाच्या मापाला हा प्रश्न नीट आकड्यांत विचारला चार्ल्स स्पिअरमननं, १९०४ साली. बिनेची चाचणी यायच्या एक वर्ष आधी. म्हणजे माप आणि मापाविषयीची शंका एकाच वेळी जन्माला आली, पण माप वाऱ्याच्या वेगानं पसरलं आणि शंका पुस्तकात राहिली.

त्या शंकेतून एक उपयोगी आकडा निघतो. समजा एखाद्या चाचणीची विश्वसनीयता ०.९० आहे, ही बरीच चांगली समजतात. आणि गुणांचं प्रमाण विचलन १५ आहे. तर एका मापातली चूक साधारण पावणेपाच गुणांची येते. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा खरं असेल असं बोलायचं तर ७३ म्हणजे ७३ नाही. ७३ म्हणजे ६४ ते ८२च्या मध्ये कुठेतरी. विश्वसनीयता ०.९५ धरली तरी हा पट्टा ६६ ते ८०चा राहतो. छोटूचा दुसरा आकडा आठवा. ६६. मावशीच्या दोन कागदांत भांडण नाहीच मुळी. दोन्ही कागद एकच गोष्ट सांगताहेत, पण ती सांगायला कागदावर जागा नाही; कागदावर एकाच आकड्याचा चौकोन आहे.

यात माझं डोकं फार मोठं आहे असं नाही. ही गोष्ट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगून झालीय. फ्रेडी ली हॉल नावाच्या माणसाला फ्लोरिडात फाशीची शिक्षा झाली होती. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला फाशी देता येणार नाही, असं त्या न्यायालयानं २००२ साली ठरवलं होतं. फ्लोरिडानं अर्थ लावला: बुद्ध्यांक ७० किंवा त्याखाली असेल तरच बाकीचा पुरावा ऐकू. हॉलचा आला ७१. चाळीस वर्षांत त्याच्या नऊ चाचण्या झाल्या होत्या, आकडे ६० पासून ८० पर्यंत. २०१४च्या मे महिन्यात न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की मापातली चूक विचारात न घेता ७०वर कुऱ्हाड घालणं घटनाबाह्य आहे. एका आकड्यावर माणूस जगणार की मरणार हे ठरत होतं, म्हणून कोणीतरी त्या आकड्याची चूक मोजली. इथे एसटीचा पास, परीक्षेतली सवलत आणि विमा एवढंच ठरतं, म्हणून कोणी मोजत नाही. असं माझं मत. चुकीचं असलं तर आनंदच होईल.

बरं, ही झाली हलणाऱ्या काट्याची गोष्ट. काटा जुना झाला तर काय होतं, ती आणखी मजेशीर आहे.

न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवलं की अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात सरासरी बुद्ध्यांक जवळपास १४ गुणांनी वाढला. १९८७ साली त्यांनी १४ देशांतले असेच आकडे मांडले. कारणांवर अजून वाद आहेत: शाळा, पोषण, लहान कुटुंबं, चौकोनी-त्रिकोणी आकृत्यांची सवय. पण परिणाम सरळ आहे. आजचं मूल आजोबांच्या काळातल्या मुलांशी ताडलं की जास्त भरतं. चाचण्यांचे निकष दर पंधरा-वीस वर्षांनी नव्यानं बसवतात ते यासाठी. म्हणजे १९३०च्या दशकातल्या मापानं छोटूला मोजलं, तर तो आहे त्याहून वर दिसण्याचा धोका. वर दिसला की ७० ओलांडला. ओलांडला की २५ टक्के.

पण त्याच मापात दुसऱ्या बाजूनं उलटा धोकाही आहे. १९३४ सालचं मूल आणे-पैंत हिशोब करत होतं. दशमान नाणी आली १९५७ साली. छोटूच्या हातात नाणीसुद्धा क्वचित येतात, दुकानात तो मावशीचा फोन नेतो आणि दुकानदार क्यूआर कोड पुढे करतो. शब्दांचं तर विचारूच नका. आमच्या घरात 'लेकरू', 'इस्तू', 'लई', 'कालवण' चालतं. परीक्षकाच्या तोंडी येतं प्रमाण मराठी. शब्दार्थ विचारला की पोरगं गप्प बसतं ते येत नाही म्हणून, की हा शब्द आपल्या घरचा नाही म्हणून, हे फक्त समोरच्या माणसाला कळू शकतं, तेही त्याला वेळ असेल तर. पहिल्या खेपेला बाहेर रांग होती. मी जी प्रश्नपत्रिका टेबलावर पाहिली ती झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स होती, चित्रातल्या माणसाला नाक उरलं नव्हतं. मी तक्रार म्हणून सांगत नाही. दिवसाला किती मुलं बघावी लागतात ते मी बघत होतो.

शिवाय भागाकाराचा जुना हिशोब. मानसिक वय भागिले वय ही पद्धत लहान मुलांपुरती ठीक. वय वाढतं तसं ती डगमगते. आठव्या वर्षीचा ७० आणि चौदाव्या वर्षीचा ७० एकाच लायकीचे नसतात. म्हणून डेव्हिड वेक्सलरनं १९३९ साली भागाकार सोडला आणि आपल्याच वयाच्या गर्दीत मूल कुठे उभं आहे एवढंच बघायला सुरुवात केली. टर्मनच्या चाचणीनंही १९६० साली तोच रस्ता धरला.

ती वेक्सलरची चाचणी मराठी घरात आणली नागपूरनं. डॉ. ए. जे. मालिन यांनी नागपुरात १९६९ साली मुलांसाठीच्या वेक्सलर चाचणीचं भारतीय रूप केलं. दवाखान्यांत तिला 'मिसिक' म्हणतात. सहा ते सोळा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी. छोटूच्या दुसऱ्या कागदावर हीच चाचणी आहे. म्हणजे पहिला आकडा एका काट्यावरचा, दुसरा दुसऱ्या काट्यावरचा, आणि फाइलमध्ये दोघांचं नाव एकच: बुद्ध्यांक.

व्हाइनलँड चाचणीचं भारतीय रूपही मालिन यांचंच. मूळ चाचणी अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या व्हाइनलँड गावातली, एडगर डॉल यांनी १९३५ साली केलेली. भारतीय रूपात ८९ मुद्दे आहेत: स्वतः जेवणं, कपडे घालणं, बोलणं, एकट्यानं बाहेर जाणं, पैसे सांभाळणं असे. आणि इथेच मला या लेखातला माझा स्वतःचा भाग सांगायचा आहे, कारण ही चाचणी मुलाला विचारत नाही. आईला विचारते.

पहिल्या खेपेला मी सोबत होतो. मॅडमनी विचारलं, दुकानातून सामान आणतो का? मावशी म्हणाली, "आणतो की. एकटा जातो." एकट्यानं अंघोळ करतो? "करतो." पैसे कळतात? "कळतात, कळायला काय झालं." मावशी खोटं बोलत नव्हती. छोटू दुकानात जातो. फक्त कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आमच्या घरची यादी पाठ आहे. छोटू काउंटरपाशी उभा राहिला की तो दुधाची पिशवी आणि पाव काढून देतो. पैसे दुकानदार मोजून घेतो. हे मावशीनं सांगितलं नाही कारण कोणी विचारलं नाही. आणि, कारण अकरा वर्षं सगळा गाव तिच्या पोराला काय येत नाही हेच सांगत आला होता. शिक्का मारणाऱ्या बाईंसमोर तरी तिला त्याचं काय येतं ते सांगायचं होतं.

दुसऱ्या खेपेला जाताना एसटीत मी तिला म्हणालो, "मावशी, या वेळी काय काय येत नाही ते सांग." ती खिडकीबाहेर बघत राहिली. वैराग गेल्यावर म्हणाली, "माझ्या तोंडानं?"

म्हणजे ७२ मधून ६३ झाले त्यात माझाही हात आहे. मी कोडमध्ये असं काही केलं असतं तर त्याला टेस्टला हवं ते उत्तर भरवणं म्हटलं असतं. बरेच दिवस हे मला टोचत होतं.

टोचणी थोडी कमी झाली ती दुसऱ्या खेपेच्या मॅडम आठवून. त्यांनी "दुकानात जातो का" असं विचारलंच नाही. विचारलं: "शेवटचा कधी गेला? काय आणलं? पैसे किती दिले, परत किती आले, कोणी मोजले? दुकान बदललं तर जाईल?" मावशीनं माझी शिकवण कुठेच वापरली नाही, तिला वापरावी लागली नाही. मंगळवारी गेला होता, पाव आणला, पैसे दुकानदारानं घेतले, दुसऱ्या दुकानात नाही जायचा. चार साध्या उत्तरांत गर्वही नाही आणि लाजही नाही. विश्वसनीयता वाढवायची म्हणजे काहीतरी महागडं यंत्र लागतं असं मला वाटायचं. इथे लागली होती वीस मिनिटं जास्त आणि "शेवटचं कधी" हे दोन शब्द.

घरात मात्र दुसऱ्या कागदावरून वाद झाला. मामा म्हणाले, "दोन डॉक्टर, दोन आकडे. मग आमचा जोशी काय वाईट होता? त्यानं पत्रिका बघून सांगितलंच होतं." मावशी छोटू चार वर्षांचा असताना पत्रिका घेऊन गेली होती हे खरं. मामांचा प्रश्न मला चांगला वाटला, कारण त्याचं उत्तर पुण्यात मोजून झालेलं आहे.

२००८ साली जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषाची एक चाचणी जाहीर केली. घाटपांडे स्वतः पूर्वी ज्योतिष करायचे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. दोनशे पत्रिका केल्या, मिसळल्या, आणि कुठली कोणाची याची किल्ली बाजूला ठेवली. ५१ ज्योतिषांनी तयारी दाखवली. प्रत्येकाला ४० पत्रिका: यातलं मूल हुशार की मतिमंद, एवढंच सांगा. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सगळ्यात चांगला निकाल ४० पैकी २४. सरासरी ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेनं सगळ्या दोनशे घेतल्या, १०२ बरोबर. नाणं उडवलं असतं तर शंभराच्या आसपास आलेच असते. २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये हे छापून आलं.

मामांना मी हे सांगितलं. मामा म्हणाले, "मग तुमच्या मानसशास्त्राची अशी परीक्षा घेतली का कोणी?"

घेतली. आणि निकाल फार अभिमानानं सांगावा असा नाही.

सिरिल बर्ट हा ब्रिटनमधला बुद्धिमापनाचा सर्वात मोठा माणूस, 'सर' झालेला. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचे बुद्ध्यांक किती जुळतात हे तो मोजायचा. १९५५ साली त्याच्याकडे २१ जोड्या होत्या, जुळणीचा आकडा ०.७७१. १९५८ साली तिसाहून जास्त जोड्या, आकडा ०.७७१. १९६६ साली ५३ जोड्या, आकडा ०.७७१. जोड्या अडीचपट झाल्या आणि दशांशाचा तिसरा अंक हलला नाही! हे लिऑन कामिन यांनी १९७४ साली दाखवलं, तेव्हा बर्ट जाऊन तीन वर्षं झाली होती. नंतर काही अभ्यासकांनी त्याची बाजूही घेतली. पण तो ०.७७१ कोणाला नीट समजावून देता आला नाही. काटा हलतो ही अडचण आहेच. पण कधीच न हलणारा काटा दिसला तर आमचे आडत्ये आधी त्याच्या खाली वाकून बघतात.

आणि २०१५ साली ब्रायन नोसेक आणि शेकडो सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या तीन नामांकित नियतकालिकांतले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम ठळक होता. पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांत. हे 'सायन्स'मध्ये छापलं, स्वतः मानसशास्त्रज्ञांनी, आपल्याच घराविषयी. त्यानंतर अभ्यास सुरू करायच्या आधीच अपेक्षा आणि पद्धत नोंदवून ठेवायची, कच्चा डेटा सगळ्यांसाठी खुला ठेवायचा, चार प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग करायचा, असे रिवाज वाढत गेले. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना यात नवल वाटत नाही, गिटहबवर आम्ही हेच करतो. पण करिअर छापील निकालावर अवलंबून असताना हे करणं वेगळं.

मामांना मी एवढंच म्हणालो की जोशीबुवांनी ४६ टक्क्यांनंतर काही बदललं का? मामा चहा पीत होते. म्हणाले, "तुमच्या डॉक्टरनं तरी काय बदललं?" त्यावर माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं.

उत्तराचा एक तुकडा बार्शीतच होता, आणि मी रोज त्याच्यासमोरून शाळेत गेलो होतो. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. शहरातली नोंदणी हॉस्पिटलच्या दारात बसून चालते, कारण पेशंट येतो. खेड्यातला पेशंट येत नाही. तो घरी मरतो आणि कुठल्याच आकड्यात येत नाही. म्हणून इथल्या लोकांनी उलटं केलं. कार्यकर्ते गावोगाव गेले, घरोघर बोलले, कोणाला गाठ आहे, कोणाला रक्त जातंय ते विचारलं, लक्षणं समजावून सांगितली, तपासणीला आणलं. खेड्यातला खरा आकडा टेबलामागे बसून मिळत नाही, हे त्यांनी लाखो माणसांच्या बाबतीत करून दाखवलं.

मनाच्या मापाला हेच लागतं. परांड्याच्या, करमाळ्याच्या, अक्कलकोटच्या आजच्या मुलांना त्यांच्या भाषेत विचारून बसवलेले निकष. जे कामतांनी धारवाडला केलं तेच, पुन्हा. मग आकड्यासोबत त्याचा पट्टा छापायचा. आणि पट्टा ७०वरून जात असेल तर दुसऱ्या माणसानं, दुसऱ्या दिवशी, पुन्हा बसायचं. पोतं उतरवून परत चढवायला माझ्या वडिलांना दोन मिनिटं लागायची, आणि ते पोतं फक्त ज्वारीचं असायचं.

छोटू पुढच्या वर्षी अठराचा होईल. अठराव्या वर्षी प्रमाणपत्र पुन्हा काढावं लागतं, आणि ते कायमचं असतं. मिसिक तर सोळाच्या आतल्यांसाठी. या वेळी काटा कुठला असेल ते तिथे गेल्यावर कळेल. गेल्या महिन्यात मी बार्शीला गेलो तेव्हा मावशीनं फाइल काढली. तिनं एक वही केलीय, दोनशे पानी. तारीख टाकून रोजचं एक वाक्य. 'सोमवार. शर्टाची बटणं लावली, वरचं चुकलं.' 'गुरुवार. दळण घेऊन आला, डबा विसरला, परत गेला, आणला.' 'शनिवार. नव्या दुकानात पाठवला. दारातून परत आला.' कोणी सांगितलं हे लिहायला, विचारलं तर म्हणाली, "त्या मॅडम नव्हत्या का विचारत, शेवटचं कधी, शेवटचं कधी. मला काय सगळं ध्यानात राहायलंय व्हय?"

वहीची सत्तर-ऐंशी पानं भरली होती. छोटू शेजारी बसून ऐकत होता. शनिवारचं वाक्य आलं तेव्हा तो म्हणाला, "परत जातो." आणि चप्पल घालून गेला.